पालथी वाटी

गहिनीनाथ कारभारी गोसावी छावणीत आला तेव्हा त्याच्याकडे एकच जनावर उरलं होतं. हरणी नावाची तांबडी गाय, गाभण. बैलजोडी त्याने दिवाळीनंतर सिरसाळ्याला नेऊन विकली होती. बरोबर बायको मनकर्णा, एक ताडपत्री, पाटा-वरवंटा आणि पितळेचं एक पातेलं. दुष्काळात घर सोडताना पाटा-वरवंटा कशाला आणला, असं मी नोंद करताना विचारलं. तो म्हणाला, "घरी ठिवला तं कुणी नेईन. बापाचा हाय."

हे सगळं बारा-तेराच्या दुष्काळातलं. माजलगावच्या धरणात चिखल राहिला होता. सिंदफणेचं पात्र नुसती वाळू. गाळपापुरता ऊस नव्हता, त्यामुळे कारखाना त्या हंगामात पेटला नाही, आणि एरवी जिथे उसाच्या गाड्यांची रांग लागते त्या आवारात आमच्या सोसायटीने चारा छावणी चालवायला घेतली. मी सोसायटीचा सचिव, म्हणून छावणीचं कामकाज माझ्याकडे होतं. छावणीचा नियम साधा होता. जनावर आहे तोवर मालकाला जागा. जनावर मेलं किंवा विकलं, की मालकाने आपलं पाल गुंडाळायचं आणि गावी जायचं. गहिनीनाथच्या गावात विहिरी आटल्या होत्या आणि टँकर मनात येईल तेव्हा यायचा. छावणीत निदान रोज पाणी होतं. म्हणजे हरणी जगली तर या दोघांना राहायला जागा, आणि ती व्याली तर दूध. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

छावणीत माणसं फार बोलत नसत. सकाळी उसाचं कांडकं आणि वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, वाटले जात. ऊस पिवळा पडलेला, वाढे कागदासारखे वाजायचे. जनावरं ते खात, मग हगवण लागे, तोंडात फोड येत, मग ती खाणं सोडत. दुपारी टँकर येई. संध्याकाळी जनावरांची हजेरी. कुणाचा बैल मेला तर शेजारचा माणूस येऊन बघायचा, थोडा वेळ उभा राहायचा आणि परत कोयत्याने वाढे तोडायला बसायचा. बायका रडत नसत. सुरुवातीला रडत, नंतर ते थांबलं. धूळ इतकी होती की सगळ्यांचे चेहरे एकसारखे दिसायचे.

गहिनीनाथ पूर्वी याच कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, मोळ्या टाकायचा. बंद पडलेल्या गव्हाणीच्या सावलीतच त्याने आपली ताडपत्री बांधली. पन्नाशीचा, सडपातळ, बोलणं हळू. त्याच्या घराण्याकडे गावच्या महादेवाचा घोटा करण्याचा मान होता. घोटा म्हणजे शिवरात्रीची भांग. त्याचा बाप कारभारी तो करायचा, त्याच्या आधी आजा. लोक त्याला त्यासाठीच ओळखत. बाकी वर्षभर तो कुणाला आठवत नसे.

तो स्वतः व्यसनी नव्हता. चिलमीला शिवत नसे. पण भांगेबद्दल त्याचं सगळं ठरलेलं असायचं, आणि ते त्याच्या बापाने ठरवलेलं होतं. पाला मुठीने घ्यायचा नाही, कारण प्रत्येकाची मूठ वेगळी. एक लाकडी कोळवं होतं, त्याने मोजायचा. पाला पुन्हा पुन्हा धुवायचा, हिरवं पाणी जाईपर्यंत. मग बडीशेप, मिरी, खसखस घालून वाटायचा, दुधात कढवायचा, फडक्यातून गाळायचा. पण मुख्य गोष्ट आदल्या दिवशी. दर वर्षीचा पाला सारखा नसतो, एखादा नुसता गवत तर एखादा फार कडक. म्हणून आदल्या दिवशी थोडा घोटून तो स्वतः एक घोट घ्यायचा आणि दिवसभर आपलं काम करत राहायचा. संध्याकाळपर्यंत काय होतं ते बघायचा. त्यावर दुसऱ्या दिवशीचं दूध वाढवायचं की पाला कमी करायचा, हे ठरायचं.

द्यायची रीतही ठरलेली. सगळ्यांनी पंगतीने बसायचं. प्रत्येकापुढे एक वाटी. तो पातेलं घेऊन एकेकापुढे उभा राही आणि विचारी, पोटात काय आहे, आज दुसरं काही घेतलं आहे का, घरी सगळं बरं आहे ना. उपाशी माणसाला आधी शेंगदाणे-गूळ खायला लावी. चिलीम ओढून किंवा दारू पिऊन आलेल्याला देत नसे. काळजाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्याला नाही, पोरांना नाही, ज्याला गाडी चालवायची आहे त्याला नाही, दिवस गेलेल्या बाईला तर बोटभरही नाही. म्हाताऱ्याला अर्धी वाटी. पहिल्यांदा बसलेल्याला त्याहून कमी. ज्याला द्यायची नाही त्याच्यापुढची वाटी तो काही न बोलता पालथी घाली. तो माणूस पंगतीत बसू शके, पण पालथी वाटी सुलटी करायची नाही. प्यायल्यावर प्रत्येकाने आपली वाटी स्वतः पालथी घालायची. दुसरी वाटी कुणालाही नाही.

"चिलमीचा धूर तोंडातून निघतो न निघतो तोच कळतं," तो एकदा मला म्हणाला. "म्हणून वढणारा थांबतो. हिचं तसं न्हाई. माणूस पितो, बसतो, काईच व्हईना म्हणतो. आन आनखी मागतो. मग दोन्ही बरुबर येत्यात."

आणखी एक गोष्ट होती. फडक्यात उरलेला चोथा तो कुणाच्या हातात देत नसे. घोटा वाटून झाला की स्वतः सिंदफणेवर जाऊन वाहत्या पाण्यात सोडी. घरातल्या बायकांनी घोट्याच्या सामानाला हात लावायचा नाही अशी पद्धत होती. त्यामुळे मनकर्णा लग्न होऊन इतकी वर्षं त्या घरात होती, पण चोथा तिने कधी पाहिला नव्हता.

शिवरात्र जवळ आली तशी छावणीत कुजबुज सुरू झाली. सगळ्यात जास्त हरिबाची. हरिबा म्हणजे गहिनीनाथच्याच गावचा, दोन म्हशी घेऊन आलेला एक टकला माणूस. त्या आवारात हसणारा तो एकटाच होता. चिलीम ओढायचा. संध्याकाळी त्याच्या पालातून वास यायचा आणि तो म्हणायचा, म्हशीसाठी धूर केलाय, माशा फार.

"गहिन्या, यंदा देवाला कोरडाच ठिवतो का बे?"

"नदी न्हाई," गहिनीनाथ म्हणाला.

"नदी कावून लागती? आमी काय नदी प्याणार हाय?"

"चोथा कुटं सोडू?"

"दे फेकून उकिरड्यावर."

"फेकत नसत्यात."

"आरं, माणसं इथं वाळू उपसून पाणी पितेत आन तू चोथ्याला पाणी हुडकतो!"

त्यावर आजूबाजूचे हसले. छावणीत हसणं ऐकू आलं म्हणून मी सोसायटीच्या कामाच्या खोपटातून बाहेर डोकावलो होतो, त्यामुळे हे लक्षात आहे.

सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांना कळलं तेव्हा ते जीप घेऊन आले. पांढरे कपडे, धुळीत उतरायला नको म्हणून जीपमध्ये बसूनच बोलले.

"भाऊसाहेब, छावणीत भांग? वर कळलं तर छावणी बंद करतील. पेपरवाले टपून बसलेत."

मी म्हणालो, तुम्ही नाही म्हणा, मी तसं सांगतो.

ते थोडा वेळ बाहेर बघत राहिले. समोर बायका टँकरची वाट बघत घागरी घेऊन बसल्या होत्या. मग म्हणाले, "देवाचं आहे. आपण नाही म्हणणारे कोण? मला काही माहीत नाही एवढं लक्षात ठेवा." जीप सुरू झाली आणि पुन्हा थांबली. "आणि माझी वाटी बाजूला झाकून ठेवायला सांगा. मी चारला येतो."

दूध संघाच्या केंद्रावरून दूध आलं. पाला गहिनीनाथने कुठून आणला हे कुणी विचारलं नाही. आदल्या दिवशी त्याने घोट घेतला आणि हरणीचं शेण काढत, पाणी भरत दिवस घालवला. संध्याकाळी मनकर्णाला म्हणाला, "यंदाचा कडक हाय. पाणी कमी पडल्यालं झाड." दुसऱ्या दिवशी त्याने पाला नेहमीपेक्षा कमी घेतला.

पंगत गव्हाणीच्या सावलीत बसली. उपासाचा दिवस, म्हणून त्याने आधी सगळ्यांना शेंगदाणे खायला घातले. मग पातेलं घेऊन निघाला. टँकरचा ड्रायव्हर हौसेने येऊन बसला होता, त्याची वाटी पालथी झाली. "आवो, एक घोट!" ड्रायव्हर म्हणाला. "पाणी कोण आणील मग?" गहिनीनाथ पुढे गेला.

पुढे आप्पाराव बसला होता. आदल्या दिवशी त्याचा बैल मेला होता.

"पोटात काय हाय?"

"शेंगदानं."

"दुसरं काई घेतलं?"

"न्हाई."

"घरी सगळं बरं हाय ना?"

आप्पारावने मान खाली घातली. "तुला ठावं हाय की. म्हणून तं आलो."

गहिनीनाथने त्याची वाटी पालथी घातली. "आज नको आप्पाराव. मन असं असलं की वाईट धरती. नंतर कवा तरी घे."

आप्पाराव उठला नाही. पालथ्या वाटीपुढे तसाच बसून राहिला.

हरिबाने त्या दिवशी चिलीम ओढली नव्हती. आदल्या रात्रीपासून नाही, असं त्याने महादेवाची शपथ घेऊन सांगितलं, म्हणून त्याला मिळाली. त्याने एका दमात संपवली, वाटी पालथी घातली आणि लगेच कुरकुर सुरू केली.

"काई चढंना बे."

"बस. वाट बघ."

"तुझ्या बापाची अशी नव्हती. त्याच्या हातची पेलो की नंदी बोलायचा."

"नंदी न्हाई, तूच बोलायचा."

हरिबा थोडा वेळ बसला. मग तोंड धुवायला जातो म्हणून उठला, आणि आमच्या खोपटात टेबलावर सुंदररावांसाठी झाकून ठेवलेली भरली वाटी पिऊन परत आपल्या जागी येऊन बसला. हे नंतर कळलं. तेव्हा कुणालाच कळलं नाही.

घोटा वाटून झाला. गहिनीनाथने फडकं पिळून चोथा एका टोपल्यात काढला. नदीच्या वाळूत बायकांनी पाण्यासाठी झिरे खणले होते, तिथे पुरायचा तर प्यायच्या पाण्यात उतरेल. दुसरीकडे जमीन दगडासारखी. कुणाची तरी टिकाव मागून आणून कुंपणाबाहेर खड्डा करायचा, असं त्याने ठरवलं. टोपलं गव्हाणीच्या मागे ठेवून त्यावर पाटी पालथी घातली आणि तो टिकाव आणायला निघाला.

तेवढ्यात पंगतीत हरिबा हसायला लागला. आपल्याच पायाची बोटं बघून हसत होता. ही माझी नाहीत, म्हणाला. लोकही हसले. मग तो एकदम गप्प झाला आणि छातीवर हात ठेवून ओरडला, "मेलो! गहिन्या, मेलो बे! काळीज थांबलं!"

गहिनीनाथ मागे फिरला.

"थांबलं असतं तं बोंबलला असता का?"

"आत कुणीच न्हाई. ऐक. काईच वाजंना."

"वाजतंय. माज्या हाताला लागतंय. दुसरी कुटून घेतली?"

"न्हाई घेतली."

"हरिबा."

"चेअरमनची," हरिबा म्हणाला आणि रडायला लागला. "चेअरमनला सांगू नको. माजी जागा जाईल. म्हशी कुटं नेऊ?"

कुणीतरी लिंबू आणा म्हणालं, कुणीतरी डोक्यावर पाणी ओता. गहिनीनाथने सगळ्यांना लांब केलं. हरिबाला सावलीत भिंतीला टेकवून बसवलं, शेजारी बसला, त्याचा हात धरला आणि बोलत राहिला. म्हशींची नावं विचारली. कुठली आधी व्याली, कुणाचं दूध दाट. हरिबा दर थोड्या वेळाने म्हणायचा, मेलो. गहिनीनाथ म्हणायचा, "न्हाई मरत. यानं कुणी मरत न्हाई, पर वाटतं तसं. उतरंल. डोळं मिटलं तं एका अंगावर झोप." असं बराच वेळ चाललं. सावली सरकली, तो तिथेच होता. टिकाव आणायचं राहून गेलं.

त्या वेळात मनकर्णा हरणीला पाणी दाखवायला गव्हाणीमागे आली. हरणीच्या तोंडात फोड आले होते. ती दोन दिवस वाढ्यांना तोंड लावत नव्हती, नुसतं हुंगून मान फिरवायची. पाटी कशावर घातली आहे म्हणून मनकर्णाने उचलून बघितली. खाली हिरवा, मऊ, ओला पाला होता. दुधाचा वास येणारा.

तिने तो मूठमूठ करून हरणीला खाऊ घातला. हरणीने सगळा खाल्ला आणि तिचा हात चाटला. कितीतरी दिवसांनी तिने काही चवीने खाल्लं होतं.

सुंदरराव चार वाजता आले, वाटी रिकामी बघितली, कुणी प्यायली असं एकदाच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता परत गेले.

हजेरीच्या सुमारास मनकर्णा पंगतीच्या जागेवर आली. तिथे येण्याची पद्धत नव्हती, म्हणून ती जरा लांब उभी राहिली.

"अवं, जरा येता का? हरणी पाय टाकतीया."

हरणी चारी पाय फाकवून उभी होती आणि डुलत होती. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. डोळे उघडे, पण समोर हात नेला तरी हलत नव्हते. माशी बसली की मात्र सगळं अंग दचकायचं. बघता बघता तिचे पुढचे पाय दुमडले, मग मागचे. ती बसली आणि मान एका बाजूला टाकली.

गहिनीनाथ खाली वाकला. तिच्या ओठाला एक हिरवा तंतू चिकटला होता. त्याने तो बोटाने काढला.

"काय घातलं?"

"त्या पाटीखालचं," मनकर्णा म्हणाली. "हिरवं हुतं."

त्याने तंतू नाकाशी नेला. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग टोपल्याकडे, आणि तिला कळलं. ती हरणीच्या डोक्याशी जाऊन बसली. रडली नाही.

छावणीतली सगळी माणसं जमली. आजारी जनावराला काढा पाजायचा म्हणजे बांबूचा नळा तोंडात घालून ओतायचा, ही सगळ्यांच्या हातातली गोष्ट. कुणी ताक आणलं, कुणी चिंचेचं पाणी, कुणी गोडं तेल. एकाने तर हरणीचं तोंड वर धरून नळा लावला सुद्धा.

गहिनीनाथने नळा हिसकून घेतला.

"पाजायचं न्हाई."

"आरं, येडा का खुळा? उतारा नको का द्यायला?"

"तिला घोट उतरायचा न्हाई. शुद्धीत न्हाई ती."

"गाय मरती तुझी आन तू नळा धरून बसतो! गाय गेली तं जागा गेली, कळतंय का? मने, तू तरी सांग याला."

मनकर्णा हरणीच्या तोंडावरच्या माशा वारत बसली होती.

गहिनीनाथच्या बापाच्या वेळी एका पाहुण्याने चोरून जास्त घेतली होती. तो झोपला तेव्हा लोकांनी त्याला उतारा म्हणून बळेच ताक पाजलं. ते श्वासात गेलं आणि तो माणूस पुन्हा उठला नाही. घोटा जितका जीव घेत नाही तितका उतारा घेतो, हे बाप शेवटपर्यंत सांगायचा. जनावराचं काय असतं ते गहिनीनाथला माहीत नव्हतं. त्याला फक्त हे एक माहीत होतं, आणि त्याने तेवढं धरून ठेवलं. त्याने नळा दिला नाही.

मी पशुवैद्य डॉक्टरांना फोन लावला. ते अंधार पडायच्या आत आले. हरणीने काय खाल्लं ते त्यांनी विचारलं, गहिनीनाथने सांगितलं. कोणत्या कोळव्याने, किती पाला, किती धुतलेला, सगळं. डॉक्टर म्हणाले, तोंडातून काहीही देऊ नका. आडवी पडू देऊ नका, पोट फुगेल. छातीवर बसती ठेवा, दोन्ही बाजूंनी आधार द्या. एक इंजेक्शन दिलं. "गाभण आहे का? कितवा महिना?" मनकर्णाने बोटं दाखवली. त्यांनी मान हलवली आणि बॅग बंद केली.

दोन्ही बाजूंना वाढ्यांच्या मोळ्या रचून हरणीला बसती केली. एका बाजूला गहिनीनाथ टेकून बसला, दुसऱ्या बाजूला मनकर्णा. मध्ये गाय. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. सकाळी मी गेलो तेव्हा तसेच बसलेले होते. गाईच्या अंगावर धूळ बसली होती, त्यांच्याही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकरचा भोंगा वाजला आणि हरणीने कान हलवले. थोड्या वेळाने ती रवंथ करू लागली. संध्याकाळी उठली. हजेरीला उभी होती. मी तिची नोंद घेतली. लोक परत आपापल्या जागी गेले. हरिबा दोन दिवस कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता, मग एकदा येऊन त्याने आपल्या वाट्याची पेंड हरणीच्या पुढे टाकली आणि निघून गेला.

त्यानंतर आठवड्याच्या आतच हरणी गाभडली. वासरू मेलेलंच बाहेर आलं. कालवड होती. भांगेने झालं की उपासमारीने, हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या महिन्यात छावणीतल्या बऱ्याच गायी गाभडल्या होत्या, ज्यांनी असलं काही खाल्लं नव्हतं त्याही. गहिनीनाथने टिकाव मागून आणली आणि कुंपणाबाहेर खड्डा केला. खूप वेळ लागला, जमीन फार कडक होती.

गाय जिवंत होती म्हणून त्यांची जागा राहिली. दूध मात्र आलं नाही. मनकर्णा रोज पहाटे उठून शेण काढायची, पाणी भरायची, वाढे तोडायची. नवरा तिला एका शब्दाने बोलला नाही. तिनेही काही म्हटलं नाही. शेजारची बाई मला म्हणाली, भांडले असते तर बरं झालं असतं. एकदा गहिनीनाथ काही कागदावर अंगठा द्यायला खोपटात आला होता. अंगठा देऊन झाल्यावर शाई पुसत उभा राहिला.

"सांगाया पायजे हुतं तिला," तो म्हणाला. "माणसाचं सगळं इचारत बसलो."

मी कागद फायलीत ठेवला. तो निघून गेला.

जूनमध्ये पाऊस झाला, छावणी उठली, कारखाना पुढच्या हंगामात पेटला. गहिनीनाथ पुन्हा गव्हाणीवर लागला. पुढच्या शिवरात्रीला त्याच्या गावी घोटा होता आणि त्याने मला बोलावणं धाडलं. मी पीत नाही, पण गेलो. सिंदफणेला पाणी होतं, फार नाही, घोट्यापर्यंत.

घोटा गाळून झाल्यावर त्याने एक नवी गोष्ट केली. गावातल्या बायकांना देवळाच्या ओट्याजवळ बोलावलं. चोथ्याचं टोपलं उघडून दाखवलं, प्रत्येकीला हातात घेऊन बघायला लावलं, वास घ्यायला लावला. "हे जनावराला घालायचं नसतं. कोंबडीला बी न्हाई. नीट वळखून ठिवा." एका म्हातारीने तोंडाला पदर लावला, हे काय बायकांना दाखवायचं, म्हणून. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

मग पंगत बसली. बायकांना प्रसाद म्हणून पळीभर द्यायचं, तेही बाजूला, असं तिथे चालत आलेलं. पण त्या दिवशी मनकर्णा वाटी घेऊन पंगतीच्या शेवटी येऊन बसली. सगळे बघू लागले. गहिनीनाथ एकेकापुढे थांबत थांबत तिच्यापर्यंत आला. दुसऱ्या कुणासमोर उभा राहावा तसा उभा राहिला.

"पोटात काय हाय?"

"रताळं खाल्लं."

"दुसरं काई घेतलं?"

"न्हाई."

"घरी सगळं बरं हाय ना?"

हरिबा मध्येच बसला होता. त्याला राहवलं नाही. "आरं, तुझंच घर हाय की बे! तिला काय इचारतो?"

लोक हसले. मग हसणं थांबलं, कारण ते दोघं हसले नव्हते. गहिनीनाथ पातेलं हातात धरून उभाच होता. मनकर्णाने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली.

त्याने खाली वाकून तिची वाटी पालथी घातली.

ती थोडा वेळ पालथ्या वाटीपुढे बसली. मग उठली, ओट्यावरचं चोथ्याचं टोपलं उचललं आणि नदीकडे निघाली. ते काम इतक्या वर्षांत गहिनीनाथशिवाय कुणी केलेलं नव्हतं. त्याने तिला जाताना पाहिलं आणि अडवलं नाही. तिने पाण्यात मध्यापर्यंत जाऊन टोपलं उपडं केलं. चोथा थोडा वेळ तिच्या पायाशी फिरत राहिला, मग हिरवी रेघ धरून खाली गेला. तिने टोपलं धुतलं, मग हात धुतले, नखांतून बोटं फिरवून पुन्हा धुतले. काठावर हरणी बांधलेली होती. तिच्याजवळून जाताना मनकर्णाने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

ती परत आली तेव्हा पंगत अजून बसलेलीच होती. ती आपल्या जागेवर, पालथ्या वाटीपुढे जाऊन बसली. गहिनीनाथने पातेलं खाली ठेवलं आणि तिच्या शेजारी बसला.

"काई चढंना बे," हरिबा म्हणाला.

"बस," गहिनीनाथ म्हणाला. "वाट बघ."